शून्यापासून दोन सुयांचं विणकाम शिकायचंय, कुठून सुरू करू?

अनगोळची_धाकटी:
नमस्कार मंडळी. माझ्या ताईला डिसेंबरात बाळ होणार आहे, ती खानापूरला असते, तिथली थंडी आणि ओल सगळ्यांना माहितीच आहे. तर मला हातानं विणलेलं काहीतरी द्यायचंय, टोपरं, मोजे, जमलंच तर स्वेटर. अडचण एवढीच की मला सुई धरायलापण येत नाही. घरात आज्जी आहे पण तिचं सगळं क्रोशाचं, आईच्या रुखवतातले रुमाल, तोरण, तांब्यावरची झाकणं सगळी तिच्या हातची, पण दोन सुया म्हटलं की "ते कॅम्पातल्या बायका करायच्या, मला नाही येत" म्हणून मोकळी. यूट्यूबवर बघालेय तर एक बाई दोरा डाव्या हातात धरते, दुसरी उजव्या, तिसरी चक्क मानेवरून घेते! आणि कटलरीच्या दुकानात गेले तर तो मलाच विचारतोय किती प्लाय, कुठल्या नंबरची सुई. काय सांगू? मोठेपणी शिकलेलं कुणी आहे का इथं? खर्च फार नको, आणि उगंच आठ प्रकारच्या सुयांचा सेट घ्या असं सांगू नका.

कॅम्पातली_मावशी:
ये गं बाळा. तुझ्या आज्जीनं माझीच आठवण काढली म्हणायची. आमचे हे मिलिटरीत, पोस्टिंग वर पंजाब-हिमाचलकडं असताना क्वार्टरच्या अंगणात उन्हाला बसून बायकांकडनं शिकले मी, त्या हिंदीत सांगायच्या आणि मी हातांकडं बघायची.

आता सुया. ८ नंबरची जोडी घे, एकच. आपल्याकडं दुकानात जुना इंग्लंडचा नंबर चालतो, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ म्हणजे ४ एमएम, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. आणि तू नेटवर अमेरिकेचं काही बघशील तर तिथं उलटं, त्यांची ८ नंबर ५ एमएमची असते आणि नंबर वाढेल तशी जाड होत जाते. म्हणून नंबर सोड, एमएम बघ, सुईच्या डोक्यावर नाहीतर पाकिटावर लिहिलेलं असतंय.

लोकर साधी ॲक्रिलिक, मध्यम जाडीची, आणि रंग फिका. पिवळा, आकाशी, पोपटी काहीही, पण काळा नको, नेव्ही ब्लू नको, टाका दिसतच नाही रात्री ट्यूबलाइटात. बेबी वूल म्हणून जी फुलफुलीत केसाळ मिळते ती तर अजिबात नको आत्ता, चुकलेलं उसवताना गुंता होऊन हातात येते. आधी एकच गोळा आण, तो फुकट घालवायचाच आहे असं समज.

निपाणीकर:
मावशी, माफ करा पण तयार टोपरं-मोजे सेट बाजारात त्या लोकरीच्या पैशात येतोय. थंडीत तिबेटी लोकं येतात की स्वेटर घेऊन. डिसेंबरला बाळ, आता ऑगस्ट, शिकणार कधी आणि विणणार कधी? आपलं एक मत.

अनगोळची_धाकटी:
@निपाणीकर दादा, विकत घ्यायचं असतं तर इथं कशाला विचारलं असतं ओ 😄

खानापूर_ओलाचिंब:
मी पुरुष आहे आणि मी विणतो, हे आधीच सांगतो म्हणजे पुढं कुणी मला ताई म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये घरात बसून शिकलो, पूर्ण यूट्यूबवर.

दोरा कुठल्या हातात यावर डोकं खाऊ नकोस. उजव्या हातात धरून सुईवरून फिरवायची ती इंग्लिश पद्धत, डाव्या बोटावर ताणून सुईनं ओढून घ्यायची ती काँटिनेंटल. कापड दोन्हीतनं सेमच तयार होतंय. मानेवरनं घेणारी जी बाई बघितलीस ती पोर्तुगीज पद्धत, पोर्तुगालमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत काही ठिकाणी चालते. तुझ्या आज्जीनं क्रोशा शिकवला असेल थोडासुद्धा, तर डाव्या हातात दोरा धरायची सवय आहेच, काँटिनेंटल लवकर बसेल. काहीच येत नसेल तर जे पहिल्यांदा हाताला बरं वाटेल ते. फक्त एक कर, एकच व्हिडिओवाली पकड आणि तिलाच धरून बस, आज हिचं उद्या तिचं केलंस की हात गोंधळतो.

सुया शक्य असेल तर बांबूच्या किंवा लाकडाच्या घे, ऑनलाइन मिळतात. स्टीलच्या सुयांवरनं नवख्याचे टाके घसरतात. मावशी म्हणतील आम्ही स्टीलवरच शिकलो, शिकलात हो, पण.

कॅम्पातली_मावशी:
शिकलोच की स्टीलवर 😀 पण खरं आहे, बांबू बरा. मिळाला तर.

शहापूरचा_मागवाला:
धागा वाचला म्हणून लिहायलोय. आमच्या घरात हातमाग होता, मग पॉवरलूम आला, आता तोपण बंद. विणकाम म्हटलं की आम्हाला साडीच आठवते. आमच्यात दोन सूत, उभा ताणा आणि त्यातनं आडवा जाणारा बाणा, दोन्ही एकमेकांत अडकून ताठ बसतात, म्हणून साडी ताणली तरी वाढत नाही. तुमच्यात एकच दोरा, त्याचेच फास एकात एक अडकवत जायचे. म्हणून तर स्वेटर ताणतो आणि परत बसतो, आणि टोक ओढलं की अख्खा उसवून परत गोळा होतो. आमची साडी फाडली की फाडली. एवढी एक गोष्ट कळली की तुला भीती वाटायची नाही ताई, लोकर काय वाया जात नाही, उसवायची, गुंडाळायची, परत सुरू.

अथणीकडचा:
मला एक शंका. आमच्याकडं धनगरांची घोंगडी होतात, मेंढ्या पण आहेत, लोकर घरची मिळेल. ती चालंल काय बाळाच्या स्वेटरला?

शहापूरचा_मागवाला:
नको रे भावा. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, केसासारखी. घोंगड्याला ती पाहिजेच, पाऊस झेलते, वरनं चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात. पण बाळाच्या अंगाला टोचून टोचून रडंल ते. घोंगडंपण मागावरच विणतात, सुयांवर नव्हे.

उचगावची_सून:
मी जरा वेगळं सांगते. सगळे नवीन माणसाला "आधी मफलर कर" सांगतात आणि तो मफलर कधी संपतच नाही. वीतभर झाला की कंटाळा येतो आणि सुया कपाटात जातात, आमच्या गल्लीत अर्धे मफलर किती सापडतील विचारू नका. हिला टोपरं करायचंय तर हातभर पट्टी झाली की सरळ टोपऱ्यालाच लागू दे. छोटं काम, लवकर संपतंय, हुरूप येतो.

कॅम्पातली_मावशी:
मी मफलर म्हटलंच नव्हतं अजून, पण म्हणणार होते 😅 बरं. ऐक बाळा, ३० टाके घाल. टाके घालताना दोऱ्याचं शेपूट सोडायचं असतं, जेवढी रुंदी पाहिजे त्याच्या तिप्पट आणि वर चार बोटं. ८ नंबरवर ३० टाके म्हणजे साधारण सहा इंच होईल. घालताना फार आवळू नको, दोन सुया एकत्र धरून त्यावर टाके घाल आणि मग एक सुई काढून घे, आपोआप सैल पडतात. आणि मग सगळ्या ओळी सुलट, म्हणजे दोरा मागं ठेवून विणायचा टाका. जातानापण सुलट, परतानापण सुलट. उलट नंतर. आमची शेजारीण अक्का कन्नडच होती, शिकवताना सारखी "निधान, निधान" म्हणायची, म्हणजे हळू, सावकाश, तेच तुला सांगते.

अनगोळची_धाकटी:
आले परत. गौरी-गणपतीत काहीच झालं नाही, नंतर बसले. सुया बांबूच्याच मागवल्या, लोकर पिवळी. सुलट जमतंय! पण माझी पट्टी सहा इंचांनी सुरू झाली आणि आता आठ-नऊ इंच आहे, त्रिकोण व्हायला लागलाय. टाके मोजले तर ३० चे ४१ झालेत. मी तर एकही टाका घातला नाही. आज्जी म्हणते पोरं झालीत त्यांना.

खानापूर_ओलाचिंब:
हाहा आज्जी भारी. सगळ्यांचंच होतं हे. दोन कारणं असतात बहुतेक.

एक, ओळ सुरू करताना. पलटून घेतलं की दोरा सुईच्या वरनं मागं जातो, त्यानं पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन वेगळ्या टाक्यांसारखे दिसतात, तू दोन्ही विणतेस, झाला एक जास्त. पलटल्यावर दोरा खाली ओढ, सुईच्या खालनंच मागं ने, मग पहिल्या टाक्यात सुई घाल. दोन, मध्येच दोरा पुढं राहिला आणि तसंच सुलट विणलंस की सुईवर एक नवीन वेटोळं पडतं, आणि खाली बारीक भोक दिसतं. तुझ्या पट्टीत भोकं आहेत का मध्ये? नसतील तर कडेचाच प्रॉब्लेम.

आणि दर ओळीला मोज. कंटाळा येतो पण मोज.

अनगोळची_धाकटी:
भोकं नाहीत. कडेचंच आहे मग. फोटोत पण कडाच फुगलेल्या दिसतायत. उसवू का सगळं?

उचगावची_सून:
उसव. तुझ्या जागी मी असते तर तो त्रिकोण तसाच ठेवला असता टीपॉयवर, पण तू उसव.

अनगोळची_धाकटी:
उसवलं, परत ३० घातले, आता ३०च राहतायत. आता उलट टाका शिकायला घेतला तर कळेनासंच झालंय. व्हिडिओत बाई म्हणते एक ओळ सुलट एक उलट. मी ते केलं, छान गुळगुळीत झालं पण सगळं गुंडाळी होऊन बसतंय, कडा आत वळतायत. इस्त्री फिरवू का?

कॅम्पातली_मावशी:
इस्त्री अजिबात नको!! ॲक्रिलिकवर गरम इस्त्री लागली की ती चपटी आणि मेल्यासारखी होते, परत कधीच उठत नाही.

वळतंय ते तुझ्या हातामुळं नाही. सुलट-उलट असं केलं की एका बाजूला सगळे टाके व्हीच्या आकाराचे आणि दुसऱ्या बाजूला सगळे आडवे उंचवटे येतात, दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो म्हणून कापड वळणारच. उजव्या-डाव्या कडा मागं वळतात, वरची-खालची पुढं. म्हणून तर स्वेटरच्या खाली आणि हाताला पट्टी असते रिबची, म्हणजे एकाच ओळीत काही टाके सुलट, काही उलट. आणि मफलर असं कोणी करत नाही, नाहीतर दोरी होते गळ्यात.

खानापूर_ओलाचिंब:
मावशींच्या बोलण्यात जो मुद्दा आलाय तोच मला उमजायला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणून जरा लांबट लिहितो. सुलट आणि उलट हे दोन टाके आहेत असं आपण समजतो. ते दोन नाहीतच. एकच फास आहे, तो पुढनं बघितला की व्ही दिसतो आणि मागनं बघितला की आडवा उंचवटा. सुलट विणताना दोरा मागं असतो आणि फास आपल्याकडं ओढून घेतो, उलट विणताना दोरा पुढं असतो आणि फास पलीकडं ढकलतो, बास, एवढाच फरक. म्हणजे तू सगळ्या ओळी सुलट विणल्यास तेव्हा कापडाच्या एका बाजूनं बघितलं तर एक ओळ व्हीची, एक उंचवट्याची असं आलं, म्हणून ते वळलं नाही, दोन्हीकडं ताण सारखा.

आता हे डोक्यात बसलं की रिब आपोआप येते. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट. टाके चारच्या पटीत ठेवलेस तर प्रत्येक ओळ दोन सुलटनंच सुरू होते, लक्षात ठेवायला काही नाही. आणि मधेच फोन आला, कुठं होतो विसरलं, तर व्हिडिओ मागं नेऊ नको, डाव्या सुईवरचा पुढचा टाका बघ. त्याच्या गळ्याशी आडवा उंचवटा असेल तर तो उलट विणायचा, नसेल तर सुलट. टाका स्वतः सांगतो. मी पहिले काही महिने तोंडानं मोजत होतो आणि बघतच नव्हतो सुईकडं, तोवर सगळं दुसऱ्याच्या भरवशावर चाललेलं.

एक मात्र, सुलटवरनं उलटवर जाताना दोरा दोन सुयांच्या मधनं पुढं आणायचा, वरनं नाही. वरनं आणलास की परत पोरं होतील टाक्यांना.

अथणीकडचा:
मी नुसतं वाचालोय आणि मलाबी करावंसं वाटायलंय. डावखुरा आहे मी. जमंल?

खानापूर_ओलाचिंब:
जमेल की. दोन्ही हात लागतात यात, डाव्याला काम कमी नसतं. आरशात बघून उलटं शिकू नको, सरळ इतरांसारखंच शिक आणि दोरा डाव्या हातात धर. उलटं शिकलास तर पुढं सगळे नमुने उलटे करून वाचावे लागतील.

निपाणीकर:
टाका सुटला तर काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही अजून. माझ्या मिसेसचं तेवढ्यावरच थांबलंय, खाली शिडीसारखं उसवत गेलं म्हणाली.

उचगावची_सून:
सुटलेल्या टाक्यात आधी सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे पुढं उसवणं थांबतं. मग क्रोशाचा हूक घ्या, व्हीची बाजू आपल्याकडं, हूक टाक्यात पुढनं घालायचा, त्याच्या मागं जो शिडीचा आडवा दोरा दिसतो तो पकडून टाक्यातनं बाहेर ओढायचा. एक पायरी चढली. असं वरपर्यंत. सगळ्यात खालची पायरी आधी, मधली सोडू नका. धाकटे, तुझ्या आज्जीकडं हूक आहेच, बारीक असला तरी चालतोय.

आणि अवघड नमुना असला तर दहाबारा ओळींनी सगळ्या टाक्यांतनं वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा, मोठं काही बिघडलं तर तिथपर्यंतच उसवतं.

अनगोळची_धाकटी:
आज्जीनं हूक घेऊन स्वतःच टाका चढवून दाखवला मला, म्हणते हे तर आमचंच काम आहे. आता ती पण शेजारी बसायला लागली आहे, मोजते माझे टाके, मोठ्यानं.

रिब जमली. आता टोपरं. किती टाके घालू? नेटवर एक म्हणतो ६४, एक म्हणतो ९०.

खानापूर_ओलाचिंब:
दोघंही बरोबर असतील, त्यांच्या त्यांच्या लोकरीला आणि हाताला. प्लाय म्हणजे दोऱ्याला किती पदर आहेत ते, त्यावरनं जाडी दर वेळी कळत नाही. म्हणून मापाची पट्टी करायची. तू २० टाके घाल, आहे त्याच सुयांवर एक ओळ सुलट एक उलट असं चार इंचभर विण, सपाट ठेवून रुंदी मोज आणि इथं लिही. ओढू नको मोजताना.

अनगोळची_धाकटी:
२० टाक्यांना ९ सेंटीमीटर.

खानापूर_ओलाचिंब:
मस्त. नवजात बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतं, टोपरं ताणून बसायला पाहिजे म्हणून ३२ धरू. २० ला ९, तर ३२ ला ७१ आणि काहीतरी. चारच्या पटीत पाहिजे म्हणून ७२. झालं तुझं गणित, कुणाचा नमुना लागत नाही.

७२ टाके सैल हातानं घाल, दोन सुलट दोन उलट अशी दीड इंच रिब, मग एक ओळ सुलट एक उलट असं करत खालपासून एकूण १४-१५ सेंटीमीटर होईपर्यंत. मग व्हीच्या बाजूनं एक ओळ दोन-दोन टाके एकत्र विणत जा, ३६ उरतील. परत एक उलट ओळ. आता टाके बंद करायचे नाहीत, दोरा हातभर ठेवून तोड, मोठ्या भोकाच्या बोथट सुईत ओवून ३६ टाक्यांतनं फिरव आणि ओढून घे, वर टाळूला गोळा होतं. दोनदा फिरव, घट्ट राहतं. उरलेल्या दोऱ्यानं बाजूची शिवण.

उचगावची_सून:
हे छान आहे, गोल सुई नको चार सुया नकोत. डिसेंबरात बाळ म्हणजे खरी थंडी असेपर्यंत डोकं मोठं झालेलं असेल हां, तीन महिन्यांत ४० सेंटीमीटरच्या आसपास जातं. त्यामुळं दोन कर, दुसरं ८४ टाक्यांचं.

कॅम्पातली_मावशी:
दुसरं करणार असशील तर लोकर आत्ताच आणून ठेव, आणि गोळ्याच्या कागदावर लॉट नंबर असतो तो सारखा बघून घे. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये किंचित फरक असतोच, दुकानात कळत नाही, उन्हात नेलं की कळतं.

आणि बाळाचं आहे म्हणून चार गोष्टी. गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या नकोत. जाळीचा नमुना मोज्यांना नको, बोटं अडकतात. मणी, बटणं सुटतील अशी नकोत. पुढं कधी स्वेटर केलास तर पुढनं उघडणारा कर, डोक्यातनं घालायचा नको, तेवढ्या बाळाची मान धरत नाही आणि घालणारीच घाबरते. शिवण आतनं जाड आली तर बाळाला रुतते, म्हणून दोन्ही कडांचा एकेकच दोरा घेत शीव, आणि दोऱ्याची टोकं गाठ न मारता आतल्या बाजूनं टाक्यांतनं ओवून मगच काप. देण्याआधी साध्या साबणात हातानं धू, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाब, सपाट वाळव. खानापूरला वाळायला दोन दिवस लागतील, ते धरून चाल.

अनगोळची_धाकटी:
लिहून घेतलं सगळं. ७२ घातलेत, रिब चालू आहे. आज्जी विचारतेय टोपऱ्याच्या कडेला क्रोशाची नक्षी केली तर चालेल का, ती करते म्हणते.

कॅम्पातली_मावशी:
चालेल की. फक्त सैल करायला सांग, क्रोशाची कड ताणत नाही, मग टोपरं डोक्यातनं जाणार नाही.